थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त चढवण्याची तारीख का चुकवू नये?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. जन्मानंतर काही महिन्यांतच मूल फिकट दिसू लागते, दूध कमी पिते, वजन वाढत नाही. रक्त मिळाले नाही तर अशी मुले बहुधा लहानपणीच दगावतात. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त मिळत राहिले आणि लोह कमी करणारे औषध नियमित चालू राहिले, तर हीच मुले शाळा-कॉलेज पूर्ण करतात, कामधंदा करतात, संसार करतात.

अडचण तारीख पाळण्याची आहे. शेंदूरजनाघाटहून वरूड, मोर्शी करत अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात (इर्विनमध्ये) जायचे, रक्त चढवायचे आणि परतायचे, यात घरच्या एका माणसाचा अख्खा दिवस जातो. त्यात आंबिया बहाराची तोडणी सुरू असली की "पोरगं तर खेळतंय, पुढच्या आठवड्यात जाऊ" असे वाटणे साहजिक आहे. पण मूल खेळते याचा अर्थ रक्त पुरेसे आहे असा नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरले की शरीर त्याची सवय करून घेते आणि त्रास उशिरा दिसतो.

रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन साधारण 9 ते 10.5 ग्रॅमच्या दरम्यान राहावे, असा आम्हा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. ते वारंवार याखाली गेले तर हाडांतील मगज जास्त काम करू लागतो, चेहऱ्याची हाडे रुंदावतात, प्लीहा वाढते, हृदयावर ताण येतो आणि वाढ खुंटते. हाडांतील हा बदल नंतर रक्त देऊन सहसा पूर्ववत होत नाही.

हे रक्त येते कुठून?

अनोळखी दात्यांकडून. 18 ते 65 वर्षांच्या, किमान 45 किलो वजनाच्या आणि 12.5 ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा. लाल पेशींची पिशवी 35 ते 42 दिवसच टिकते, म्हणून वर्षातून एकदा मोठे शिबिर घेऊन भागत नाही. उन्हाळ्यात कॉलेजे बंद असली की साठा आटतो, आणि फटका या मुलांनाच बसतो. गावात शिबिर घ्यायचे असेल तर एप्रिल-मे निवडा.

आई-वडील किंवा भावंडांनी स्वतःचे रक्त मुलाला थेट देऊ नये. त्यातून दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, शिवाय पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणात अडथळा येतो. नातेवाइकांनी दान जरूर करावे, ते इतर रुग्णांसाठी. सरकारी रक्तपेढीत थॅलेसेमिया, सिकलसेल व हिमोफिलियाच्या रुग्णांना बदली दाता न मागता मोफत रक्त देण्याचे धोरण आहे.

प्रत्येक पिशवीसोबत सुमारे 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराकडे नाही. ते हृदय, यकृत व ग्रंथींत साचते. म्हणून डेफेरासिरॉक्ससारखी औषधे रोज द्यावी लागतात आणि फेरिटिनची तपासणी करत राहावी लागते. माझ्या मते जास्त हलगर्जी होते ती इथेच. "रक्त वाढवणारी" टॉनिके, लोहाच्या गोळ्या देऊ नका. आमच्या भागात हमखास येणारा प्रश्न: संत्री चालतील का? फळ म्हणून चालतील. मात्र क जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण त्या जास्त लोह शोषतात व हलवतात.

विदर्भात सिकलसेलही बऱ्याच समाजांत आहे, पण त्याचा नियम वेगळा. हिमोग्लोबिन 7-8 असूनही अनेक सिकलसेल रुग्ण ठीक असतात. नुसत्या दुखण्यासाठी रक्त लावायचा आग्रह धरू नका; रक्त घट्ट होऊन उलट त्रास वाढू शकतो. पक्षाघात, छातीचा गंभीर आजार किंवा अचानक उतरलेले हिमोग्लोबिन यांत मात्र ते जीव वाचवते.

रक्त चालू असताना थंडी, ताप, खाज, धाप, कंबरदुखी किंवा लाल लघवी झाली तर लगेच परिचारिकेला सांगा. रक्तगट, आधीच्या प्रतिक्रिया व अँटीबॉडीची नोंद असलेली फाइल सोबत ठेवा. नागपूरला दाखवायला गेलात तरी ती घेऊन जा.