किल्लारी पुनर्वसन : मुलांचा वावर व सार्वजनिक सहभाग

किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. मृतांची संख्या शासकीय नोंदींनुसार सुमारे ८,०००. अन्य अंदाज याहून अधिक. गावरचनेबरोबर मुलांच्या हिंडण्याफिरण्याचा परीघही बदलला.

जुने गावठाण : दगडमातीच्या जाड भिंती, माळवदाची घरे, अरुंद बोळ. घराला घर लागून असल्याने बोळ, पार व देवळाचे आवार ही मुलांची खेळण्याची जागा असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्यांच्यावर आपसूक राही. मात्र याच भिंती व माळवदाची जड माती जीवघेणी ठरली. त्यामुळे पुनर्वसनात मोकळ्या, रुंद रस्त्यांच्या रचनेला पसंती मिळाली.

नवी वसाहत : जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत २५० चौ. फूट, १ ते ७ हेक्टर ४०० चौ. फूट, त्याहून अधिक ७५० चौ. फूट. अनेक ठिकाणी समान क्षेत्रफळाची घरे एकत्र आखल्याने भावकी व जुना शेजार विखुरला. वसाहतीचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यांसाठी जागा राखल्या गेल्या. तथापि कडेच्या प्लॉटवरील लहान मुलांना त्या लांब पडल्या. चौकटी आखणीत पारासारखी सहज जमण्याची जागा क्वचितच उरली. मोकळ्या रस्त्यांमुळे मुलांना खेळायला अधिक वाव मिळाला की शेजाराची राखण गेली, याबाबत मतभेद आहेत.

गावाबाहेर गेलेली मुले : भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळील वाघोलीस नेले. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने अशा मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे राहिले. ज्ञान प्रबोधिनीने भूकंपग्रस्त भागातील हराळी येथे निवासी शाळा काढली.

सहभाग : पुनर्वसनाचा लाभार्थी घटक कुटुंब होता. घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या टप्प्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावातील महिला ‘संवाद सहायक’ (शासन व गावकरी यांच्यातील दुवा) झाल्या. मुलांपुरते पाहिले तर, भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलांचे मत विचारात घेणे व त्यांना खेळू देणे या दोन्हींविषयी कलमे आहेत. ग्रामसभेचे सदस्यत्व मात्र मतदारांपुरते आहे, त्यामुळे मुले त्याबाहेर राहतात.

मुलींचा वावर : गावाबाहेरील शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत प्रवास (अहिल्याबाई होळकर योजना).