आकाशातील वीज आणि जमिनीवरील वाटणी

जालन्यातील पोलादाच्या भट्ट्यांना रात्रीही वीज लागते. सौर घट मात्र सूर्यास्तानंतर वीज देत नाहीत. या अडचणीवर 1968 मध्ये पीटर ग्लेझर या अमेरिकी अभियंत्याने एक उपाय सुचवला. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेत सौर घटांची विशाल पटले ठेवावीत. तेथे तयार झालेली वीज सूक्ष्मलहरींच्या रूपाने पृथ्वीवर पाठवावी आणि जमिनीवर तिची पुन्हा वीज करावी. विषुवदिनांच्या सुमारास रात्री थोडा वेळ पृथ्वीची सावली पडते, तो वगळला तर या कक्षेत ऊन अखंड मिळते.

लहरींतून ऊर्जा पाठवता येते, हे त्याआधीच दिसले होते. 1964 मध्ये विल्यम ब्राउन यांनी एक छोटे हेलिकॉप्टर केवळ सूक्ष्मलहरींच्या ऊर्जेवर हवेत तरंगत ठेवले. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे दीड किलोमीटर अंतरावर 30 किलोवॉटहून अधिक शक्ती मिळवण्यात आली.

मग अडले कोठे? लहरींची शलाका जितकी दूर जाते, तितकी ती फाकते. ती फार फाकू नये, तर पाठवणारी अँटेना मोठी हवी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 5,000 मेगावॉटचा एक आराखडा अभ्यासला. त्यात लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर आणि उपग्रहावरील अँटेनेचा व्यास 1 किलोमीटर धरला होता. तरीही 35 अक्षांशावर जमिनीवरील ग्राहक अँटेना 10 बाय 13 किलोमीटरची, लंबवर्तुळाकार ठरली.

जालना सुमारे 20 उत्तर अक्षांशावर आहे. उपग्रह बरोबर दक्षिणेला असेल, तर येथे शलाका कमी तिरपी येईल आणि लंबवर्तुळ सुमारे 10 बाय 11 किलोमीटरचे होईल. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ 86 चौरस किलोमीटर, म्हणजे 8,600 हेक्टर भरते. विद्यार्थ्यांनी ही आकृती जिल्ह्याच्या नकाशावर प्रमाणात काढून पाहावी. किती गावे आत येतात ते मोजावे. शलाकेच्या मध्यभागी तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे 230 वॉट, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या पावपट धरली होती. अँटेनेच्या जाळीतून ऊन खाली येईल, म्हणून तिच्याखाली शेती करता येईल, असेही सुचवण्यात आले होते. तरी जमीन कोणाची आणि वीज कोणाला, हे प्रश्न उरतातच.

आकाश वाटून घेण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे 1971 मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. सुमारे 30 मीटर व्यासाच्या अँटेनेने ते इंटेलसॅटच्या उपग्रहाशी जोडलेले होते. 1964 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत अनेक देश भागीदार होते, भारतही होता. कोणी कोणत्या कंपनसंख्येच्या लहरी वापरायच्या, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनी ठरे. दूरध्वनीचा संदेश नेण्यास अत्यल्प शक्ती पुरते, म्हणून तेथे एका आवाराएवढी जागा पुरली.

पण कक्षेवर हक्क कोणाचा, हा वादही त्याच दशकात उठला. 1976 मध्ये विषुववृत्तावरील काही देशांनी बोगोटा येथे जाहीरनामा काढून आपल्या डोक्यावरील भूस्थिर कक्षेवर मालकी सांगितली. ती जगाने मान्य केली नाही. परंतु आधी पोहोचेल त्याचीच जागा का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

सहकार्याचा विचार भारतातूनही झाला. नोव्हेंबर 2010 मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि अमेरिकेतील नॅशनल स्पेस सोसायटी यांनी अवकाशातील सौर विजेसाठी संयुक्त उपक्रम जाहीर केला. 2023 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या उपकरणाने अवकाशात बिनतारी ऊर्जा पाठवून दाखवली आणि त्याच्या लहरींची नोंद पृथ्वीवरही झाली. ती शक्ती अगदी अल्प होती.

यंत्रे हळूहळू सुधारतील. मात्र कक्षेतील जागा, लहरी आणि खालची जमीन यांची वाटणी उपग्रह सोडल्यानंतर नव्हे, आधीच ठरवावी लागेल. आर्वीत भारत भागीदार होता, केवळ ग्राहक नव्हता. जालन्यासारख्या जिल्ह्यावर कधी अशी शलाका उतरलीच, तर तेथील लोकांचे स्थानही भागीदाराचेच असले पाहिजे.