दारू सोडणाऱ्यांची संघटना : एक इतिहास

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा बोनस, कंत्राटी कामगार किंवा कामगार कायदे असा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. आम्ही दारूचे नाव काढताच एका सद्गृहस्थांनी विचारले, "म्हणजे दारूबंदी का?" दारूबंदी नव्हे. कायदा दुकानाला कुलूप लावतो. आमचा प्रश्न दुकानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. ज्याला दारूवाचून राहवत नाही तो ती सोडतो कसा, आणि सोडल्यावर टिकतो कोणाच्या बळावर? या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. तो बहुतेक अमेरिकेत घडला, आणि तो डॉक्टरांइतकाच संघटनेचा इतिहास आहे. म्हणूनच सातवीनंतर शाळा सुटलेल्या आमच्यासारख्याला त्यावर बोलण्याचा धीर होतो.

हा विषय आमच्या गळ्यात कसा पडला, ते आधी सांगितले पाहिजे. वीसएक वर्षे झाली. आमच्या युनियनचा एक सभासद, हाताला फार चांगला असलेला टर्नर, पिऊन कामावर आला म्हणून बडतर्फ झाला. चौकशी नियमाप्रमाणे झाली नव्हती. आम्ही चार वर्षे कामगार न्यायालयात खटला लढवला आणि जिंकलो. तो कामावर परत आला, आणि मागील पगाराची निम्मी रक्कम त्याच्या हाती एकगठ्ठा पडली. आम्ही गेटवर सभा घेतली, त्याला हार घातला आणि दारूच्या दुष्परिणामांवर पंधरा मिनिटे उपदेशही केला. अडीच महिन्यांनी तो वारला. आम्ही घरी भेटायला गेलो, तेव्हा त्याची पत्नी एवढेच म्हणाली, "भाऊ, सगळे पैसे त्यांच्याच हातात का दिले?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते, शब्दकोश उशाशी घेऊन, वाचत आलो आहोत.

एप्रिल १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी चेस नावाच्या गृहस्थाच्या गुत्त्यात सहा मित्र नेहमीप्रमाणे पीत बसले होते. त्यांचे धंदे आम्हांस महत्त्वाचे वाटतात : एक शिंपी, एक सुतार, एक लोहार, एक गाड्यांची चाके करणारा, एक बग्ग्या बांधणारा आणि एक चांदीकाम करणारा. सगळे हातावर पोट असलेले कारागीर. गावात मद्यपानाविरुद्ध एका पाद्र्याचे व्याख्यान होते. गंमत म्हणून काहीजण ते ऐकून आले आणि त्यावर वाद सुरू झाला. गुत्तेवाला म्हणाला, हे व्याख्याते सगळे ढोंगी. त्यावर एकाने उत्तर दिले की तुम्ही असे म्हणणारच, तुमचा धंदाच तो. वादातून ठराव निघाला, की आपण सहाजणांनीच मंडळ काढायचे. शिंप्याला अध्यक्ष केले. प्रतिज्ञापत्र लिहून सह्या घेण्याचे काम त्याच्याकडेच आले, आणि दुसऱ्या दिवशी तो घरोघर फिरला. लोहार रात्रीच्या पिण्याने अजून अंथरुणातच होता. त्याने तिथेच सही केली. प्रवेश फी पंचवीस सेंट आणि मासिक वर्गणी साडेबारा सेंट ठरली. पहिल्या सभा त्याच गुत्त्यात भरल्या! आपली हक्काची गिऱ्हाइके जातात हे पाहून गुत्तेवाल्याच्या बायकोने तक्रार केली, तेव्हा मंडळी सुताराच्या कामाच्या जागेत गेली.

अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या नावावरून त्यांनी स्वतःला 'वॉशिंग्टोनियन' म्हणवून घेतले. त्यांच्या सभेत व्याख्यान नसे. दर आठवड्याला जमायचे, आणि प्रत्येकाने उठून आपण काय प्यालो, काय गमावले आणि गेला आठवडा कसा काढला तेवढेच सांगायचे. पुढच्या सभेला येताना आणखी एका पिणाऱ्याला घेऊन यायचे. युनियन बांधणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. जॉन हॉकिन्स नावाचा टोप्या करणारा कारागीर त्याच वर्षी जूनमध्ये आला आणि पुढे त्यांचा सर्वांत नावाजलेला वक्ता झाला. मला पुन्हा व्हिस्की आणायला पाठवू नका, असे त्याच्या लहान मुलीने विनवले तो दिवस तो सभांतून सांगत असे. १८४१ पासून स्त्रियांचीही मंडळे निघाली. त्या पिणाऱ्यांच्या घरच्यांना कपडे आणि अन्न पुरवीत आणि पिणाऱ्या स्त्रियांनाही हात देत. लवकरच सह्या करणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात गेली.

२२ फेब्रुवारी १८४२ रोजी इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड येथे या मंडळापुढे तेहतीस वर्षांच्या एका वकिलाचे भाषण झाले. तो अब्राहम लिंकन. जुन्या मद्यनिषेधकांनी पिणाऱ्याला पापी ठरवून झिडकारले म्हणून त्यांना यश आले नाही, आणि हे मात्र त्याला मित्र मानून बोलतात म्हणून यशस्वी झाले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. न पिणारे आम्ही बरेचसे सद्गुणामुळे नव्हे, तर ती ओढच नसल्यामुळे वाचलो, असेही ते म्हणाले. आम्ही स्वतः कधी प्यालो नाही. हे वाचताना गेटवरची आमची पंधरा मिनिटे आठवली.

परंतु दहा वर्षेही झाली नाहीत, तोच ही चळवळ बहुतेक ठिकाणी मावळली. सभांत न पिणाऱ्यांचीच गर्दी वाढली आणि कबुलीजबाब हा तमाशा झाला. वक्ते पैसे घेऊन गावोगाव हिंडू लागले. कायद्याने दारू बंद करावी की मन वळवून, या राजकीय भांडणात मंडळे ओढली गेली. ज्याने सही केली त्याच्या घरी पुढच्या महिन्यात कोणी जावे, याची व्यवस्थाच राहिली नाही. सभासदांचे रजिस्टर फुगत जाते आणि शाखा मात्र मरते, हे आम्ही आमच्या धंद्यात किती वेळा पाहिले आहे!

यानंतर सुमारे शतकाने, मे १९३५ मध्ये, ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. धंद्याचा व्यवहार फिसकटला होता, आणि दारू सोडून पाचच महिने झाले होते. एका बाजूला बार होता, तर दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने फोन केला आणि पिणाऱ्या एखाद्या माणसाशी भेट घालून द्या अशी मागणी केली. गेले काही महिने तो न्यूयॉर्कात पिणाऱ्यांना समजावीत होता. त्यांतला एकही टिकला नव्हता, पण समजावणारा मात्र कोरडा राहिला होता, आणि ही गोष्ट त्याने हेरली होती. अॅक्रनमध्ये त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. कारण हा माणूस उपदेश करीत नव्हता. स्वतःचे सांगत होता, आणि त्याला स्वतःसाठीच कोणीतरी ऐकणारा हवा होता. १० जून १९३५ ही 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघटनेची स्थापनेची तारीख मानतात.

या लोकांना पैशाचा मोह पडला नव्हता असे नाही. इस्पितळे काढावीत, पगारी प्रचारक नेमावेत, असे बेत होते. १९३८ साली रॉकफेलर या धनाढ्य गृहस्थाने पाच हजार डॉलर दिले, पण जास्त पैसा तुमचे काम बिघडवील असे सांगून हात आखडता घेतला. भांडवलदाराविषयी चांगले बोलण्याचे प्रसंग आमच्यावर थोडे येतात; हा त्यांपैकी एक. विल्सनने १९४५ साली वॉशिंग्टोनियनांच्या ऱ्हासाविषयी लिहिले, आणि १९५० साली क्लीव्हलँडच्या परिषदेत बारा परंपरा मान्य झाल्या. खर्च सभासदांच्या पैशावरच चालावा, बाहेरच्या कोणत्याही वादावर मत देऊ नये, संघटनेचे नाव कोणाला वापरू देऊ नये, वर्तमानपत्रांत सभासदाचे नाव येऊ नये, आणि सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता असावी, हा त्यांतला गाभा. बाल्टिमोरच्या सुतार-लोहारांना कोणी हे नियम करून दिले असते तर, असे मनात येतेच.

दुसरा पंथ प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्रज्ञांचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पिणे ही शिकलेली वागणूक आहे, आणि माणूस ज्या वागण्यातून काही मिळते तेच धरून ठेवतो, तेव्हा न पिण्यातून त्याला काहीतरी मिळाले पाहिजे. इलिनॉयमधल्याच अॅना या गावच्या सरकारी इस्पितळात हंट आणि अॅझ्रिन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आम्ही तीनदा वाचला. रोगी फक्त सोळा. आठजणांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्या आठांना त्यांशिवाय नोकरी शोधून द्यायला मदत केली, नवराबायकोंची बोलणी करून दिली, घरी टेलिफोन आणि वर्तमानपत्र आणवले. एका जुन्या गुत्त्याचेच रूपांतर करून शनिवार संध्याकाळसाठी क्लब काढला. पिऊन येणाऱ्याला तिथे प्रवेश नसे. पुढचे सहा महिने पाहिले, तेव्हा या आठांचे पिण्यात गेलेले दिवस शेकडा १४ निघाले आणि दुसऱ्या आठांचे ७९. बेकारीचे दिवस शेकडा ५ विरुद्ध ६२. सोळा माणसांवरून जग ठरवू नये हे खरे. पण 'आधी दारू सोड, मग नोकरीचे बघू' असे आम्ही जन्मभर म्हणत आलो, त्याच्या हे नेमके उलट होते. पुढे १९७६ च्या प्रयोगात अॅझ्रिननी प्रत्येकाला जवळ राहणारा एक सोबती जोडून दिला. म्हणजे प्रयोगशाळाही फिरून सोबत्यापाशीच आली.

१९८५ साली मार्लट आणि गॉर्डन यांनी दारू पुन्हा सुरू होण्याच्या क्षणांचा विचार मांडला. मन खचणे, भांडण आणि मित्रांचा आग्रह हे धोक्याचे प्रसंग आधीच ओळखून त्यांची तयारी करावी, असे ते सांगतात. आमच्या भाषेत सांगायचे तर पगाराची तारीख, ओव्हरटाइमनंतरची रात्र आणि गावची जत्रा. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. एक पेला घेतल्यावर 'आता झालेच, सगळे बुडाले' असे वाटून माणूस पुढचे दहा पेले घेतो. पहिल्या पेल्याहून ती हताशाच घातक.

या दोन पंथांत कोण बरोबर, हा वाद बरीच वर्षे चालला. पहिल्यात देवाचे नाव येते, म्हणून ज्यांना ते नको त्यांनी वेगळे गट काढले; १९९४ मध्ये अमेरिकेत निघालेला 'स्मार्ट रिकव्हरी' हा त्यांतला एक, सोबत्यांची सभा आणि वागणुकीचे शास्त्र एकत्र करणारा. आम्ही स्वतः देवाच्या बाबतीत मौन पाळणारे. पण २०२० साली २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र करून जो आढावा निघाला, त्यात पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत त्या अनामिकांच्या सभांकडे पद्धतशीर वळवण्याचा उपाय इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला. मात्र एक सांगून ठेवतो : फार पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर फेफरे येते, भ्रम होतो, क्वचित जीवही जातो. पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढले पाहिजेत.

आपल्याकडे अनामिकांची सभा १९५७ साली मुंबईत सुरू झाली. १९४९ चा दारूबंदी कायदा तेव्हा लागू होता, तरी या सभेची गरज पडलीच. पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' काढले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. व्यसनातून सुटलेली माणसेच तिथे पुढे नव्या रुग्णांची काळजी घेऊ लागली.

आमच्या युनियनच्या कार्यालयामागे एक खोली आहे. गेली सहा वर्षे पगाराच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजता ती उघडते. चहा असतो, कॅरम असतो, आणि जमलेल्यांनी काढलेल्या वर्गणीचा एक डबा असतो. पगार आता बँकेत जमा होतो, म्हणून पहिल्या महिन्यांत कार्ड घरच्यांकडे ठेवावे असा तिथला रिवाज आहे. तो त्यांनी ठरवला, आम्ही नव्हे. मागच्या निवडणुकीत आमच्याच पॅनेलच्या एका उमेदवाराने त्या मंडळींबरोबर फोटो मागितला. त्यांनी नाही म्हटले, आणि आम्हांस त्याची समजूत घालावी लागली. आम्हांलाही आत प्रवेश नाही, कारण आम्ही प्यालेलो नाही. पाच वाजता आम्ही किल्ली त्यांच्यातल्या एकाच्या हातात देतो आणि घरी जातो.