चंद्रावरील वस्ती आणि सामाईक जमिनीचा प्रश्न : आंबोलीच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

२० जुलै १९६९ रोजी मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे अंतराळवीर परतले आणि हा अध्याय संपला. अवघ्या साडेतीन वर्षांत सहा मोहिमा चंद्रावर उतरल्या, बारा माणसे तेथे वावरली आणि सुमारे ३८२ किलोग्रॅम दगडमाती पृथ्वीवर आली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ माणूस चंद्रभूमीवर उतरला नाही. याचे कारण तंत्राच्या अभावात शोधणे योग्य ठरणार नाही. सोव्हिएत रशियाच्या आधी पोहोचणे हा अमेरिकेचा प्रधान हेतू होता. तो साध्य झाल्यावर तेथे थांबण्यासारखे काही उरले नाही.

एकविसाव्या शतकात चंद्राकडे परतण्याची जी तयारी चालू आहे, तिचा हेतू वेगळा आहे. तेथील साधनसंपत्ती वापरणे आणि दीर्घकाळ वस्ती करणे ही उद्दिष्टे आता उघडपणे मांडली जातात. वस्तीचा प्रश्न आला की तो केवळ विज्ञानाचा राहत नाही. पाणी कोठून मिळणार, वाट कोणाच्या हाती राहणार आणि जमीन कोणाची मानली जाणार, हे इतिहासाचे जुने प्रश्न त्यासोबत येतात. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली या गावाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. दोहोंमध्ये साम्य दाखवणे एवढाच त्यामागील उद्देश नाही. जमिनीच्या हक्काची संदिग्ध मांडणी पुढील पिढ्यांना कोठे नेऊन सोडते, हे आंबोलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पाणी : परतण्याचे मुख्य कारण

चंद्र कोरडा आहे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला निर्णायक धक्का देण्यात भारताचा मोठा वाटा आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी प्रक्षेपित झालेल्या चांद्रयान-१ ने १४ नोव्हेंबर २००८ रोजी आपले आघातयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळवले. याच यानावरील अमेरिकी खनिजमापक उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या व हायड्रॉक्सिलच्या रेणूंच्या खुणा टिपल्या. हे निष्कर्ष सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्रुवाजवळील काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. तेथे बर्फ साठून राहिला असल्याचे पुरावे पुढे मिळत गेले. पाण्याचे विघटन केले की श्वसनासाठी प्राणवायू आणि अग्निबाणासाठी इंधन मिळते. त्यामुळे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले, तेव्हा ध्रुवीय प्रदेशाकडे साऱ्या जगाचे लक्ष लागले होते.

पाणी असणे आणि पाणी हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आंबोलीत सहज कळते. सुमारे ६९० मीटर उंचीवरील या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तथापि जांभ्याच्या सड्यावरून हे पाणी वेगाने वाहून जाते. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या मार्गाने जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे येथील पाण्याचा मोठा लाभ घाटापलीकडील प्रदेशाला होतो. चंद्रावर अशी विभागणी निसर्ग करणार नाही. बर्फ असलेली विवरे मर्यादित आहेत. त्यांच्या काठावर दीर्घकाळ सूर्यप्रकाश मिळणाऱ्या जागा त्याहून मोजक्या आहेत. तेथे जो प्रथम यंत्रसामग्री उभारील, तो मालक नसतानाही व्यवहारात त्या पाण्याचा धनी होईल.

वाट आणि ठाणे

आंबोलीचे थंड हवेचे ठिकाण म्हणून असलेले रूप मुळात एका वाटेने घडवले. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल घाट चढून बेळगावकडे जात असे आणि लष्करी ठाण्यांची रसद याच मार्गाने पोहोचत असे. या वाटेवरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून आंबोलीला महत्त्व आले. ब्रिटिश पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी त्याचा गिरिस्थान म्हणून विकास केला. पुढे १८८० च्या दशकात मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले. व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याच्या वाटेचे महत्त्व ओसरले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. केवळ वाटेच्या गरजेपोटी उभे राहिलेले ठाणे वाट बदलली की मागे पडते. आंबोली टिकली, कारण तेथे वाटेच्या आधीपासून शेती करणारी, देवस्थान सांभाळणारी माणसे होती. चंद्रावर असा मूळ समाज नाही. तेथील ठाण्याला पृथ्वीवरून येणारी रसद हाच आधार राहील. अपोलो मोहिमा निधी आटताच थांबल्या, हा अनुभव या संदर्भात विसरता येत नाही.

कबुलायत आणि करार

आंबोली, चौकुळ व गेळे या तीन गावांचा जमीनविषयक इतिहास हा या विवेचनाचा गाभा आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळात येथील गावकरांनी सरकारला कबुलायत, म्हणजे सारा भरण्याची लेखी हमी देऊन गावची जमीन सामाईकपणे धारण केली होती. 'कबुलायतदार गावकर' ही नोंद त्यातूनच आली. या व्यवस्थेत कसण्याचा व वापराचा हक्क स्पष्ट होता. कोणत्या कुटुंबाची कोणती जमीन, याची स्वतंत्र नोंद मात्र झाली नाही. जमिनीला फारशी बाजारकिंमत नव्हती तोवर त्यावाचून कोणाचे अडले नाही.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या जमिनी महसुली दप्तरात शासनाच्या नावे झाल्या. दरम्यान पर्यटनामुळे जमिनीचे मोल वाढले होते. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नाही, अशी स्थिती गावकऱ्यांच्या वाट्याला आली. नोंद पूर्ववत व्हावी किंवा जमीन कुटुंबनिहाय मिळावी, यासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले.

चंद्राविषयीचा कायदा आज जवळपास याच अवस्थेत आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. वापराची मुभा मात्र सर्वांना आहे. वापरातून काढलेले खनिज कोणाचे, यावर हा करार स्पष्ट बोलत नाही. १९७९ च्या चंद्र कराराने तेथील साधनसंपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानली. भारताने त्यावर १९८२ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु त्याला अनुसमर्थन दिले नाही. अवकाशात माणसे पाठवणाऱ्या बड्या राष्ट्रांनीही तो स्वीकारलेला नाही. उलट अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये खाजगी कंपन्यांना अवकाशातील खनिजावर हक्क देणारे कायदे केले. २०२० च्या आर्टेमिस सहमतीत खनिज काढणे म्हणजे भूमीवर ताबा सांगणे नव्हे, अशी भूमिका घेण्यात आली आणि कार्यस्थळाभोवती सुरक्षा क्षेत्राची कल्पना मांडण्यात आली. भारत जून २०२३ मध्ये या सहमतीत सामील झाला. चीन व रशिया यांनी २०२१ पासून स्वतंत्र चंद्रतळाची योजना पुढे नेली आहे.

आर्टेमिस सहमती ही कायद्याने बंधनकारक नाही. ती एका अर्थाने कबुलायतच आहे : वापर मान्य, मालकी अनुत्तरित. येथे एक भेदही नोंदवला पाहिजे. कबुलायतदार गावकरांची सामाईक मालकी सर्वांसाठी खुली नव्हती, ती ठरावीक कुळांपुरतीच होती. चंद्राच्या बाबतीत 'सामाईक' म्हणजे पोहोचू शकणारी मोजकी राष्ट्रे, की अवकाशयान नसलेले देशही, हा कळीचा प्रश्न आहे.

राखून ठेवण्याचा विचार

आंबोलीने आणखी एक धडा दिला आहे. येथील हिरण्यकेशीच्या उगमापाशी 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या माशाची नवी प्रजाती २०२० मध्ये नोंदली गेली आणि २०२१ मध्ये सुमारे २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. देवस्थानचे पाणी म्हणून लोकांनी जे जपले, त्याला कायद्याचे पाठबळ नंतर मिळाले. चंद्रावरील बर्फात कोट्यवधी वर्षांचा इतिहास साठलेला असू शकतो. तो इंधनासाठी फोडण्यापूर्वी काही विवरे अभ्यासासाठी राखून ठेवण्याचा विचार व्हावयास हवा. तेथे श्रद्धेने जपणारा गाव नाही, त्यामुळे नियम आधीच करावे लागतील.

समारोप

२०४० पर्यंत भारतीय व्यक्ती चंद्रावर पोहोचावी, हे उद्दिष्ट देशाने समोर ठेवले आहे. चंद्रावरील माती आणण्यासाठी चांद्रयान-४ मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाण्याचा शोध लावण्यात वाटा असलेल्या देशाने पाण्याच्या वाटपाचे नियम घडवण्यातही वाटा उचलावा, ही अपेक्षा वावगी नाही. मोल वाढण्यापूर्वी हक्काची नोंद झाली नाही, तर जो तोटा होतो तो दुर्बलांचा होतो. आंबोली, चौकुळ आणि गेळे येथील लोकांनी तो अनेक वर्षे सोसला आहे. चंद्राचा सातबारा अजून कोरा आहे. त्यावर पहिली नोंद कोणत्या शब्दांत व्हावी, हे ठरवण्याची वेळ उत्खनन सुरू होण्यापूर्वीची आहे.