हिब्रू धर्मग्रंथांतील नगरांचा स्थलनिश्चय

हिब्रू धर्मग्रंथांत शेकडो गावानगरांची नावे आली आहेत. त्यांपैकी यरुशलेम, हेब्रोन अशी थोडीच नगरे नांदती राहिली. बहुतेकांची माती झाली. मग प्राचीन पॅलेस्टाइनच्या नकाशावर जे ठिपके आपण निःशंकपणे पाहतो, ते कोणत्या आधाराने पडले? इतिहासाच्या अध्यापकास या प्रश्नाची उपेक्षा करता येणार नाही. कारण स्थल चुकले की त्यावर रचलेली घटनांची संगतीही चुकते.

या शोधास शास्त्रीय वळण दिले ते अमेरिकन पंडित एडवर्ड रॉबिन्सन व त्यांचे सहप्रवासी ईली स्मिथ यांनी, १८३८ साली. मठांतून चालत आलेल्या दंतकथा बाजूस सारून त्यांनी तेथील शेतकऱ्यांच्या तोंडची नावे टिपली. अरबी व हिब्रू या भगिनीभाषा. म्हणून जुनी नावे अल्प फेरफाराने टिकली होती. अनाथोथचे अनाता झाले, मिखमाशचे मुखमास झाले, आणि गिबोनच्या जागी अल्-जीब हे गाव उभे होते. चौथ्या शतकात युसीबियसने रचलेला स्थलनामकोश आणि त्यातील मैलांची अंतरे ही या कामी दुसरी साक्ष ठरली.

गिबोनच्या बाबतीत भूमीनेही साक्ष दिली. १९५६ साली जेम्स प्रिचर्ड यांनी अल्-जीब येथे उत्खनन आरंभिले, तेव्हा 'गिबोन' हे नाव कोरलेले घड्यांचे कान हाती लागले. घडा काय, कोठूनही येऊ शकतो, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु त्याच ठिकाणी खडकात खोदलेली द्राक्षासवाची ६३ तळघरे सापडली. तेव्हा हे घडे भरले जात ते येथेच, हे मानणे सयुक्तिक ठरते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात गिबोनच्या तळ्याचा उल्लेख आहे, आणि येथे खडकात कोरलेला, पायऱ्यांचा विशाल हौदही निघाला.

पण नाव नेहमीच खरे बोलते असे नाही. नामसादृश्यावरून रॉबिन्सन यांनी अकीर हे गाव म्हणजे पलिष्ट्यांचे एक्रोन असे ठरविले होते. पुढे १९५७ साली योसेफ नावे यांनी तेथून काही मैल दक्षिणेस असलेल्या, तेल मिक्ने नावाच्या पांढरीच्या टेकाडाकडे लक्ष वेधले. १९९६ साली तेथील मंदिराच्या अवशेषांत एक कोरीव शिला मिळाली. तीवर एक्रोनचे नाव आणि पादीचा पुत्र राजा इकाउसू याचा निर्देश होता. हे दोघेही राजे ॲसिरियाच्या लेखांतून आधीच परिचित होते. वादाला जागा उरली नाही.

याच्या उलट स्थिती 'आय' या नगराची. यहोशवाने ते जाळल्याची कथा आहे. बेथेलजवळचे एत्-तेल हे टेकाड तेच, असे बहुतेक विद्वान मानीत आले. दोन्ही नावांचा अर्थही उद्ध्वस्त स्थळ असाच लावला जातो. परंतु १९३३ ते १९३५ या काळात ज्युडिथ मार्के-क्राउझ यांनी केलेल्या उत्खननात असे दिसले की ते नगर इसवी सनापूर्वी सुमारे २४०० मध्ये ओसाड पडले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १२०० पर्यंत तेथे वस्तीच नव्हती. तेव्हा एक तर स्थल चुकले असेल, नाही तर कथेचे स्वरूप वेगळे समजले पाहिजे. हा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही.

यावरून आमचे मत असे की नाव हा शोधाचा आरंभ होय, निर्णय नव्हे. नाव, ग्रंथ आणि भूमी या तिघांची साक्ष जुळेल तेथेच ठिपका ठामपणे द्यावा. न जुळेल तेथे प्रश्नचिन्ह घालण्यात विद्वत्तेस कमीपणा नाही. मात्र ज्यांच्या जिभेवर ही नावे शतकानुशतके जगली, त्या शेतकऱ्यांचे ऋण विसरता कामा नये. अकीर गाव १९४८ च्या युद्धात उजाड झाले. गाव उठले म्हणजे त्याबरोबर शिवारांची, विहिरींची आणि टेकाडांची नावे सांगणारी माणसेही उठतात. आणि ती साक्ष कोणत्याही उत्खननाने परत मिळत नाही.