अ‍ॅक्वापोरीन (वनस्पतींच्या मुळांतील)

अ‍ॅक्वापोरीन : पेशीपटलातून पाण्याचे रेणू वेगाने आरपार जाऊ देणारे, वाहिनीसारखी रचना असलेले प्रथिन. जिवाणूंपासून माणसापर्यंत बहुतेक सजीवांत ते आढळते. वनस्पतींच्या मुळांकडून होणाऱ्या जलशोषणात त्याला विशेष महत्त्व आहे.

शोध : पेशीपटलाचा गाभा मेदाचा असल्याने पाणी त्यातून सावकाश झिरपते. तांबड्या रक्तपेशींतले एक प्रथिन पाण्याला स्वतंत्र वाट देते, हे अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर ॲग्री यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. त्यांच्या गटाने ते प्रथिन बेडकाच्या अंडपेशींत तयार करवले. विरल द्रावणात ठेवताच त्या पेशी फुगून फुटल्या. या कार्यासाठी ॲग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीत असेच प्रथिन १९९३ मध्ये क्रिस्तोफ मोरेल, मार्टेन क्रिस्पील्स व सहकाऱ्यांनी दाखवले.

रचना : या प्रथिनाची साखळी पटलातून सहा वेळा आरपार जाते. असे चार रेणू एकत्र नांदतात, पण प्रत्येकाचे छिद्र वेगळे असते. छिद्राची सर्वांत अरुंद जागा सुमारे ०.३ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास पाण्याच्या एका रेणूएवढी असते. पाण्याचे रेणू एकामागून एक, सेकंदाला सुमारे एक अब्ज या वेगाने जातात. प्रोटॉन मात्र अडवले जातात.

मुळांतील कार्य : मूलरोमांतून शिरलेले पाणी मध्यत्वचेत पेशीभित्तिकांमधूनही सरकू शकते. अंतस्त्वचेतील कॅस्पेरियन पट्टा ही वाट बंद करतो. तेथे पाण्याला पेशीत शिरावेच लागते आणि अ‍ॅक्वापोरिनांची खरी गरज भासते. त्यांपैकी काही पेशीपटलात, तर काही रिक्तिकेच्या पटलात असतात. ॲराबिडॉप्सिसमध्ये त्यांची ३५, तर भातात ३३ जनुके आहेत. अ‍ॅक्वापोरीन पाणी ओढत नाही. ओढ बाष्पोच्छ्वासाची व तर्षणाची असते; वाट किती मोकळी ठेवायची, एवढेच हे प्रथिन ठरवते. भाताच्या मुळातील एका प्रकारातून सिलिकॉन आत येते आणि त्याच वाटेने आर्सेनिकही शिरते.

नियंत्रण : प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला गेला की छिद्र उघडे राहते. पारा ते बंद करतो. अनेक वनस्पतींत मुळांची जलवहनक्षमता दिवसा वाढते व रात्री घटते. जमिनीत पाणी तुंबले, की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, पेशीद्रव आम्लधर्मी होतो आणि प्रथिनातील हिस्टिडीन या अमिनो आम्लाला प्रोटॉन जोडला जाऊन छिद्र मिटते. ही यंत्रणा २००३ मध्ये स्पष्ट झाली. पाण्यात उभे असलेले पीक कोमेजते, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. अशा पिकाला पाण्याची नव्हे, हवेची गरज असते. म्हणून शेतातून पाण्याचा निचरा करणे हाच त्यावरचा पहिला उपाय ठरतो.