ईश्वराचे प्रेम आणि तारणाची अट : ख्रिस्ती धर्मातला एक जुना वाद

ख्रिस्ती मित्र किंवा शेजारी असलेल्या आपल्या अनेक वाचकांनी हा संवाद कधी ना कधी ऐकला असेल. समोरचा माणूस आपुलकीने सांगतो की, ईश्वराचे तुमच्यावर अपार प्रेम आहे. थोड्या वेळाने तोच सांगतो की, येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवला नाही तर तारण नाही. ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : प्रेम अपार असेल तर मग ही अट कशाला? आणि ज्या माणसाने हे नावच कधी ऐकलं नाही, त्याचं काय?

हा प्रश्न बाहेरच्यांनी ख्रिस्ती धर्मावर लादलेला नाही. खुद्द चर्चमध्ये यावर किमान सतराशे वर्षे चर्चा चालू आहे. त्या चर्चेत कोण काय म्हणालं आणि आज कोण कुठे उभं आहे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. शेवटी इस्लामची बाजूही मांडली आहे, कारण हाच प्रश्न आपल्यालाही विचारला जातो आणि तो टाळून चालणार नाही.

तारण म्हणजे नेमकं काय?

मराठी ख्रिस्ती भाषेत ‘तारण’ हा शब्द आपल्या ‘नजात’च्या जवळचा आहे, पण त्यामागची कल्पना वेगळी आहे. मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती शिकवणीनुसार आदमच्या अपराधामुळे सगळी मानवजात पापाच्या बंधनात सापडली आणि माणूस स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही. येशूने वधस्तंभावर प्राण देऊन ही सुटका घडवली, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून त्यांच्या दृष्टीने येशूवरचा विश्वास ही बुडणाऱ्याला टाकलेली दोरी आहे. अट घालून कोणाला अडवणे हा तिचा हेतू नाही, असं ते सांगतात.

इस्लाममध्ये वारशाने येणारे पाप नाही. प्रत्येक मूल निष्पाप जन्मते आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलत नाही. हा मूळ फरक लक्षात घेतला नाही तर दोन्हीकडची माणसे एकच शब्द वापरून वेगवेगळ्या गोष्टी बोलत राहतात.

बायबलमध्ये दोन्ही बाजू

वाद इतका टिकला, कारण दोन्ही पक्षांना बायबलमध्येच आधार सापडतो. योहानच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ईश्वराने जगावर प्रेम केल्याचे प्रसिद्ध वचन येते. दोनच वचनांनंतर विश्वास न ठेवणाऱ्याचा निवाडा झाल्याचाही उल्लेख येतो. चौदाव्या अध्यायात पित्याकडे जाण्याचा मार्ग फक्त येशूमधून जातो, असे सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायाचा आशयही तसाच आहे.

दुसऱ्या बाजूला, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सगळ्या माणसांचे तारण व्हावे ही ईश्वराची इच्छा असल्याचे म्हटले आहे. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात धर्मशास्त्र न मिळालेल्या लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीचा विचार होतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या निवाड्यात तर भुकेल्याला जेवू घातलं का, आजाऱ्याला भेटलात का, हेच विचारलं जातं.

चर्चबाहेर तारण नाही?

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी चर्चबाहेर तारण नाही, असा सिद्धान्त मांडला. त्यांचा रोख प्रामुख्याने चर्चमध्ये फूट पाडणाऱ्यांवर होता. दूरदेशीच्या अनभिज्ञ लोकांबद्दलचा वाद ते घालत नव्हते. पुढे रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले, सुवार्ता सगळीकडे पोचली असा समज पसरला आणि तेच सूत्र सर्व बिगरख्रिस्ती लोकांना लावले गेले. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या महासभेच्या काळात निघालेल्या फर्मानात बहुदेवपूजक, यहुदी आणि चर्चपासून फुटलेले ख्रिस्ती मृत्यूपूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर त्यांना चिरंतन अग्नी मिळेल, असे स्पष्ट नमूद झाले.

अवघ्या पन्नास वर्षांत, १४९२ मध्ये, कोलंबस अमेरिकेला पोचला. तिथे येशूचे नावही न ऐकलेल्या असंख्य पिढ्या जगून मरून गेल्या होत्या. त्या सगळ्या नरकात गेल्या का? हा प्रश्न आता पुस्तकी राहिला नव्हता. १५४७ मध्ये ट्रेंटच्या महासभेने बाप्तिस्म्याबरोबर बाप्तिस्म्याची इच्छाही मान्य केली. १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी सांगितले की, ज्यांचे अज्ञान त्यांच्या दोषामुळे नाही आणि जे प्रामाणिकपणे नीतीने जगतात, त्यांना ईश्वरी कृपेने चिरंतन जीवन मिळू शकते.

जुनी कडक भूमिका मात्र संपली नव्हती. अमेरिकेतल्या बोस्टन भागात फादर लिओनार्ड फीनी यांनी तिचा अक्षरशः अर्थ लावून प्रचार केला. गंमत म्हणजे रोमनेच त्यांना चूक ठरवले. १९४९ मध्ये रोमहून बोस्टनच्या आर्चबिशपना खुलासा पाठवण्यात आला आणि १९५३ मध्ये फीनी यांना बहिष्कृत करण्यात आले. त्यांच्यावरच्या कारवाईत आज्ञाभंगाचा भाग होता, तरी चर्चबाहेर तारण नाही हे सूत्र अति कडकपणे राबवणाराच चर्चबाहेर गेला, हे विसरता येत नाही. १९७२ मध्ये त्यांचा समेट झाला.

दुसरी व्हॅटिकन महासभा आणि मुस्लिम

१९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने कॅथलिक भूमिकेला नवे वळण दिले. १९६४ च्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात ईश्वराच्या तारणयोजनेत मुस्लिमांचा नाव घेऊन उल्लेख आहे. ते इब्राहीमच्या श्रद्धेला धरून असल्याचे सांगतात आणि एकाच दयाळू ईश्वराची उपासना करतात, असे तिथे मान्य केले आहे. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे त्यात म्हटले आहे. १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’मध्ये मुस्लिमांविषयी आदर व्यक्त करून जुनी वैरे विसरण्याचे आवाहन केले गेले.

याचा अर्थ कॅथलिक चर्चने सगळे धर्म सारखे मानले, असा कोणी काढू नये. २००० मध्ये कार्डिनल रॅटझिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांच्या विभागाने ‘डॉमिनुस येझुस’ हा दस्तऐवज काढून येशू हाच एकमेव तारणारा असल्याचे ठामपणे पुन्हा सांगितले. इतरांना तारण मिळाले तरी ते ख्रिस्ताद्वारेच मिळते, ही त्यांची अधिकृत भूमिका आहे.

न बोललेल्या बाळांचं काय?

या वादाची सर्वांत मोठी झळ बसली ती आईबापांना. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी बाप्तिस्म्याविना दगावलेली बाळेही मूळ पापामुळे दंडास पात्र ठरतात, फक्त त्यांचा दंड सर्वांत सौम्य असतो, असे मत मांडले. मध्ययुगात हे कठोर वाटल्याने ‘लिम्बो’ची कल्पना आली. तिथे यातना नाहीत, पण ईश्वराचे दर्शनही नाही. युरोपात अनेक ठिकाणी अशा बाळांना चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. बाळ गेल्याचं दुःख एकीकडे आणि ते परलोकातही आपल्याला भेटणार नाही ही भीती दुसरीकडे, अशा अवस्थेत किती आयांनी दिवस काढले असतील!

२००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या विषयावर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. लिम्बो ही बंधनकारक श्रद्धा कधीच नव्हती आणि अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणे आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. या आशेमागचा एक मोठा आधार ईश्वराची दया हाच होता. म्हणजे प्रेम आणि अट समोरासमोर आली, तेव्हा चर्चने आपला कौल प्रेमाकडे झुकवला.

आजच्या चार भूमिका

आज ख्रिस्ती विचारवंतांमध्ये ढोबळमानाने चार गट दिसतात.

पहिला गट म्हणतो, या जीवनातच जाणीवपूर्वक येशूवर विश्वास ठेवणे आवश्यक आहे. अनेक इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट चर्चेस इथे येतात. त्यांचा युक्तिवाद असा की प्रेम जबरदस्ती करत नाही. ईश्वराने देणगी पुढे केली, नाकारणाऱ्याला नाकारू दिले. कॅल्विनच्या (१५०९–१५६४) परंपरेत तर कोणाला तारायचे हे ईश्वराने आधीच निवडले आहे, असे मानतात.

दुसरा गट म्हणतो, तारण येशूमुळेच होते, पण त्याचा लाभ त्याला न ओळखणाऱ्यालाही होऊ शकतो. जर्मन धर्मपंडित कार्ल राहनर (१९०४–१९८४) यांनी अशा माणसांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हटले. आम्हाला न विचारता आम्हाला ख्रिस्ती ठरवणे हा कसला सन्मान, अशी टीका यावर झाली. हान्स क्युंग यांच्यासारख्या कॅथलिक विचारवंतानेही ही संकल्पना नाकारली.

तिसरा गट अनेक मार्ग मानतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक (१९२२–२०१२) सुरुवातीला कट्टर इव्हँजेलिकल होते. बर्मिंगहॅममध्ये मुस्लिम, शीख, हिंदू आणि यहुदी शेजाऱ्यांबरोबर काम करताना त्यांना या लोकांमध्येही तीच भक्ती आणि तोच चांगुलपणा दिसला आणि त्यांचे मत बदलले. या भूमिकेवरचा आक्षेप असा की, ती प्रत्येक धर्माचे स्वतःबद्दलचे म्हणणे गुळगुळीत करून टाकते.

चौथा गट शेवटी सगळ्यांचेच तारण होईल अशी आशा धरतो. तिसऱ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे ओरिजेन याचे मोठे पुरस्कर्ते होते. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या महासभेने त्यांचा निषेध केला, पण विचार मेला नाही. २०११ मध्ये अमेरिकन पाद्री रॉब बेल यांच्या ‘लव्ह विन्स’ या पुस्तकाने तो पुन्हा पेटवला. त्यांच्या चर्चमधल्या प्रदर्शनात कोणीतरी गांधीजींच्या वचनाशेजारी, गांधी तर नरकात आहेत, अशा अर्थाची चिठ्ठी लावली होती. हे याला इतक्या खात्रीने कसं ठाऊक, या प्रश्नातून पुस्तकाची सुरुवात होते. त्यावरून अमेरिकेत मोठं वादळ उठलं.

आपल्याकडचे उदाहरण सांगायचे तर कवी नारायण वामन टिळक यांचे सांगता येईल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. चर्चच्या चौकटीबाहेर ख्रिस्ताचा अनुयायी असू शकतो, हे मराठी मातीत त्यांनी कृतीने मांडले.

इस्लाम काय म्हणतो?

आता प्रश्न आपल्याकडे वळवू. इस्लामही सत्याचा दावा करतो. कुरआनमध्ये (३:८५) इस्लामखेरीज दुसरा मार्ग स्वीकारला जाणार नाही, असे सांगितले आहे. त्याच कुरआनमध्ये (२:६२) श्रद्धावंतांबरोबर यहुदी, ख्रिस्ती आणि साबिईंपैकी जे अल्लाहवर व अंतिम दिनावर ईमान ठेवून सत्कृत्य करतील त्यांना मोबदला मिळेल, असाही आशय आहे. बहुतेक भाष्यकार ही दुसरी आयत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आगमनापूर्वीच्या लोकांविषयी मानतात, तर काही आधुनिक अभ्यासक तिचा अर्थ व्यापक घेतात.

मात्र एका मुद्द्यावर आधार स्पष्ट आहे : संदेश पोचल्याशिवाय शिक्षा नाही (१७:१५). इमाम गजाली (१०५८–११११) यांनी ‘फैसल अल-तफरिका’ या ग्रंथात याची उकल केली. ज्यांनी प्रेषितांचे नावही ऐकले नाही ते क्षम्य आहेत. ज्यांना खरी ओळख झाली, तरीही ज्यांनी हट्टाने नाकारले, ते जबाबदार आहेत. तिसरा वर्ग लहानपणापासून फक्त विकृत चित्र ऐकलेल्यांचा. गजाली त्यांनाही पहिल्याच वर्गात धरतात. हे त्यांनी आपल्या काळातल्या दूरच्या ख्रिस्ती लोकांविषयीच लिहिले होते. समाजमाध्यमांवर इस्लामची विटंबना पाहत मोठ्या होणाऱ्या आजच्या मुलांना हा तिसरा वर्ग किती लागू पडतो, याचा विचार आपण करायला हवा. खरी ओळख करून देण्याची जबाबदारी मग कोणाची?

शिवाय कुरआनने मुस्लिमांनाही मोकळे सोडलेले नाही. मोक्ष तुमच्या किंवा ग्रंथधारकांच्या इच्छेवर चालत नाही, वाईट करणाऱ्याला त्याचे फळ मिळेल, असे (४:१२३) बजावले आहे. बुखारी आणि मुस्लिममधल्या हदीसनुसार कोणीही निव्वळ आपल्या कर्मांवर जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहच्या कृपेनेच जाईल, खुद्द प्रेषितांनी (स.) यात स्वतःचाही समावेश केला.

आमचे म्हणणे

या साऱ्या चर्चेतून आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. सत्य कळल्यावर ते स्वीकारण्याची अपेक्षा ठेवणे प्रेमाविरुद्ध नाही. बाप मुलाकडून प्रामाणिकपणा मागतो, म्हणून त्याचे प्रेम कमी होत नाही. पण मूल कुठे जन्मले, त्याच्या कानावर काय पडले, यावरूनच त्याला कायमचे हाकलणे हे प्रेमातही बसत नाही आणि न्यायातही नाही. चर्चला हे मान्य करायला शतके लागली आणि आपल्यातही काहींना ते अजून जड जाते.

कुरआनच्या पाचव्या सूरहच्या शेवटी निवाड्याच्या दिवसाचे दृश्य आहे. हजरत ईसा (अ.) आपल्या अनुयायांविषयी अल्लाहसमोर निवेदन करतात : शिक्षा दिलीस तर ते तुझेच दास आहेत, आणि क्षमा केलीस तर तू सामर्थ्यवान व विवेकशील आहेस, अशा अर्थाचे (५:११८). एक प्रेषित असूनही ते निर्णय स्वतःच्या हाती घेत नाहीत.

ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना हा अदब आपणही पाळावा. त्याची श्रद्धा नीट समजून घ्यावी, आपली स्पष्ट सांगावी, तौहीदच्या मुद्द्यावर मतभेद असेल तर तो लपवू नये. पण त्याच्या घरी मयत झाली असेल तेव्हा गेलेला माणूस कुठे गेला याची चर्चा करू नये. खांदा द्यावा, घरच्यांना जेवू घालावे. निवाडा ज्याचा आहे त्याच्याकडे राहू द्यावा.